चुंबकीय क्षेत्राने आकारस्मृती मिश्रधातूचा ताठरपणा का बदलतो, आणि तो मोजताना काय चुकतं

प्रश्न थोडक्यात असा: निकेल-मँगनीज-गॅलियम या आकारस्मृती मिश्रधातूच्या (वाकवल्यावर तापवलं की मूळ आकाराला परतणाऱ्या धातूच्या) एकल स्फटिकाची पट्टी चुंबकीय क्षेत्रात ठेवून यंगचा गुणांक, म्हणजे ताठरपणाचं माप, मोजला, तर तो कधी थोडा वाढतो, कधी शंभरपट घटल्यासारखा दिसतो, आणि कधी क्षेत्र काढून घेतल्यावरही मूळ आकड्यावर परतत नाही. निटिनॉलच्या (निकेल-टायटॅनियमच्या) तारेवर तोच प्रयोग केला तर काहीच घडत नाही. मग चुंबकत्वाचा स्थितिस्थापकतेवर होणारा खरा परिणाम कोणता समजायचा?

परिणाम एक नाही, चार आहेत आणि ते एकमेकांत मिसळतात. पहिला, स्फटिकाचं जालकच, म्हणजे अणूंची मांडणीच, ताठ किंवा मऊ होणं. दुसरा, चुंबकीय डोमेन (एकाच दिशेने चुंबकित असलेले छोटे भाग) हलल्यामुळे मिळणारी जादा विकृती, म्हणजे लांबीतला सापेक्ष बदल. तिसरा, मार्टेन्साइटमधल्या (थंड केल्यावर येणाऱ्या रचनेतल्या) जुळ्या व्हेरियंटांच्या, म्हणजे तीच रचना वेगवेगळ्या दिशांना वळलेल्या पट्ट्यांच्या, सीमा सरकणं. चौथा, क्षेत्रामुळे प्रावस्था बदलण्याचं तापमानच हलणं. या चारांचे आकार इतके वेगवेगळे आहेत की कोणता परिणाम मोजला जातोय हे न सांगता दिलेला गुणांक निरुपयोगी असतो. खरं तर प्रतिबल (दर क्षेत्रफळामागचं बळ) आणि विकृती यांच्या आलेखाचा उतार काढून ‘क्षेत्राखालचा गुणांक’ म्हणून जे आकडे दिले जातात, त्यातले बरेचसे स्थितिस्थापक गुणांक नसतातच.

निटिनॉलचं आधी उरकून घेऊ. निकेल-टायटॅनियम समचुंबकी आहे. ऑस्टेनाइट (गरम असतानाची रचना) आणि मार्टेन्साइट दोन्हींचं चुंबकन नगण्य, त्यांच्यातला फरकही नगण्य. त्यामुळे काही टेस्लाच्या क्षेत्राला पकडायला तिथे काही नसतं. निटिनॉलमध्ये क्षेत्राचा परिणाम दिसलाच तर आधी पोलादी पकड, लोडसेल आणि थर्मोकपल तपासा. धातूचा दोष बहुधा नसतो.

आता निकेल-मँगनीज-गॅलियम. नेमक्या २:१:१ प्रमाणातला हा ह्यूस्लर मिश्रधातू (ज्यात तिन्ही धातूंचे अणू ठरावीक क्रमाने बसतात) सुमारे ३७६ केल्विनला लोहचुंबकी होतो आणि सुमारे २०२ केल्विनला मार्टेन्साइटमध्ये जातो. मधल्या पट्ट्यात, साधारण २६० केल्विनला, त्याचं एक पूर्व-रूपांतरणही, म्हणजे मार्टेन्साइटच्या आधीचा छोटा रचनाबदलही, होतं. म्हणजे खोलीच्या तापमानाला तो लोहचुंबकी ऑस्टेनाइट असतो आणि लवकरच बदलणार असल्याची चिन्हं त्याच्या ताठरपणात दिसत असतात. हे चिन्ह सगळ्या गुणांकांत सारखं नसतं. घनाकृती स्फटिकाचे तीन स्वतंत्र गुणांक सी११, सी१२ आणि सी४४. यातला सी४४ सुमारे १०० गिगापास्कल असतो आणि फारसा हलत नाही. मऊ होतो तो सी-प्राइम, म्हणजे सी११ आणि सी१२ यांच्या फरकाचा अर्धा भाग. [११०] दिशेने जाणाऱ्या आणि [१, उणे १, ०] दिशेने डोलणाऱ्या कर्तन तरंगाचा वेग तोच ठरवतो, आणि मार्टेन्साइट घडवणारं कर्तनही त्याच दिशेचं. १९९० च्या दशकातल्या अल्ट्रासाउंड मोजमापांत सी-प्राइमचे आकडे ४.५ पासून २२ गिगापास्कलपर्यंत पसरलेले आहेत. हा निव्वळ मोजणीतला गोंधळ समजू नये. रचनेत एखाद्या अणुटक्क्याचा फरक पडला तरी रूपांतरणाचं तापमान काही दहा अंशांनी सरकतं आणि त्याबरोबर मऊपणाही.

याचा यंगच्या गुणांकावर काय परिणाम होतो ते आकड्यांत बघा. सी११ १५२, सी१२ १४३ आणि सी४४ १०३ गिगापास्कल धरले तर [१००] दिशेला यंगचा गुणांक सुमारे १३ येतो आणि [१११] दिशेला सुमारे २५०. एकाच स्फटिकात जवळपास एकोणीसपट फरक. म्हणून बहुस्फटिकी नमुन्यावर चुंबकीय परिणाम शोधणं मला व्यर्थ वाटतं. कणांच्या दिशांची सरासरी होते आणि सी-प्राइमचा बदल त्यात बुडतो.

चुंबकत्व इथे शिरतं ते चुंबकन आणि जालक यांच्या जोडणीतून. ऊर्जेच्या समीकरणात चुंबकनाचा वर्ग आणि मऊ कर्तन-कंपनाच्या विस्ताराचा वर्ग यांच्या गुणाकाराचं पद असतं. त्यामुळे क्यूरी तापमान (ज्याखाली धातू लोहचुंबकी होतो ते) ओलांडून खाली येताना, चुंबकन वाढू लागलं की सी-प्राइमच्या तापमान-रेषेचा उतार बदलतो. पूर्व-रूपांतरण घडवण्यातही हीच जोडणी कामाला येते. लोहचुंबकी ऑस्टेनाइटवर बाहेरून क्षेत्र लावलं की गुणांक वाढत जातात आणि चुंबकन संपृक्त झालं की थांबतात. क्यूरी तापमानाच्या बऱ्याच वर हाच प्रयोग केला तर रेषा सपाट राहते. निदानासाठी ही सर्वांत स्वस्त चाचणी आहे: नमुना १२० अंश सेल्सिअसला नेऊन तोच क्षेत्र-आलेख पुन्हा घ्या. तिथेही ‘परिणाम’ दिसत असेल तर तो उपकरणाचा आहे.

क्षेत्रामुळे दिसणाऱ्या या वाढीचा एक हिस्सा जालकाचा नसून डोमेनचा असतो. लोखंड-निकेलमध्ये ओळखीचा असलेला डेल्टा-ई परिणाम हाच. क्षेत्र नसताना नमुन्यावर प्रतिबल दिलं की डोमेनची चुंबकनं थोडी वळतात, मॅग्नेटोस्ट्रिक्शनमुळे (चुंबकनाची दिशा वळली की आकार किंचित बदलण्यामुळे) थोडी जादा विकृती मिळते आणि धातू आहे त्यापेक्षा मऊ भासतो. संपृक्त क्षेत्रात चुंबकन जखडलं जातं, जादा विकृती बंद होते आणि जालकाचा खरा ताठरपणा दिसतो. ऑस्टेनाइटचं मॅग्नेटोस्ट्रिक्शन दशलक्षात शंभराच्या घरातलं धरलं तर डोमेनमुळे मिळणारी सर्वाधिक विकृती त्याच्या दीडपट, म्हणजे दहा हजारात दीड ते दोन भाग. १३ गिगापास्कलच्या मऊ दिशेला एवढी विकृती द्यायला अवघं दोन-अडीच मेगापास्कल प्रतिबल पुरतं. म्हणून कमी प्रतिबलाच्या, मंद चाचणीत हा हिस्सा मोठा दिसतो आणि प्रतिबल वाढवलं की विरून जातो. मेगाहर्ट्झच्या तरंगांत तो आणखी कमी होतो, कारण भोवरा-प्रवाह डोमेनला तितक्या वेगाने हलू देत नाहीत. जालकाचा आणि डोमेनचा वाटा वेगळा करायचा सोपा मार्ग हाच: एकच नमुना १ हर्ट्झ, काही किलोहर्ट्झ आणि ५ ते १० मेगाहर्ट्झला मोजा. वारंवारता बदलूनही टिकतो तो जालकाचा भाग.

मार्टेन्साइटमध्ये चित्र पूर्ण पालटतं. इथे बहुतेकांची दिशाभूल होते, त्यामुळे थोडं सविस्तर.

खोलीच्या तापमानाला मार्टेन्साइट हवा असेल तर मँगनीज थोडं जास्त घेतात, उदाहरणार्थ निकेल ५०, मँगनीज २८, गॅलियम २२ अणुटक्के. इथे दर अणूमागे संयुजा इलेक्ट्रॉन ७.६२ येतात, २:१:१ रचनेत ७.५. पाच-थरी मार्टेन्साइटचा एक अक्ष ०.५६० नॅनोमीटर आणि दुसरे दोन सुमारे ०.५९५. आखूड अक्ष हाच चुंबकनाचा सोपा अक्ष. त्यामुळे क्षेत्र लावलं की ज्या व्हेरियंटचा आखूड अक्ष क्षेत्राच्या दिशेला आहे तो वाढतो, बाकीचे आक्रसतात, आणि सीमा सरकून नमुन्याची लांबी ६ टक्क्यांपर्यंत बदलते. १९९६ साली कारी उल्लाक्को आणि सहकाऱ्यांनी हे प्रथम दाखवलं तेव्हा विकृती ०.२ टक्के होती. पुढे सात-थरी मार्टेन्साइटमध्ये ती साडेनऊ टक्क्यांवर गेली.

क्षेत्र किती प्रतिबलाइतकं काम करू शकतं याची वरची मर्यादा सरळ भागाकाराने मिळते: चुंबकीय अनायसोट्रॉपीची ऊर्जा (चुंबकन सोप्या अक्षावरून अवघड दिशेला वळवायला लागणारी) भागिले जुळ्यांची विकृती. घनमीटरला १.७ लाख जूल भागिले ०.०६ म्हणजे सुमारे २.८ मेगापास्कल. क्षेत्र कितीही वाढवलं, १० टेस्ला केलं, तरी यापुढे जात नाही. कारण चुंबकन अवघड दिशेला पूर्ण वळल्यावर दोन व्हेरियंटांतला ऊर्जेचा फरक वाढायचा थांबतो. हे वळणं ०.७ टेस्लाच्या आसपास पूर्ण होतं. विरुद्ध बाजूला सीमा हलवायला लागणारं जुळं-प्रतिबल असतं. पहिल्या प्रकारच्या सीमांना खोलीच्या तापमानाला सुमारे १ मेगापास्कल लागतं आणि थंड केल्यावर ते वाढतं. दुसऱ्या प्रकारच्या सीमांना ०.०५ ते ०.३ मेगापास्कल पुरतं आणि तापमानाने त्यात फारसा फरक पडत नाही. सीमा कोणत्या प्रकारची आहे हे न पाहता दोन नमुन्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

आता क्षेत्र नमुन्याच्या लांबीला आडवं ठेवून लांबीच्या दिशेने दाबा. क्षेत्र एक व्हेरियंट धरून ठेवतं, दाब दुसरा मागतो. पहिल्या प्रकारच्या सीमा असतील तर दाबताना पठार २.८ अधिक १, म्हणजे ३.८ मेगापास्कलला येईल. दाब काढताना २.८ उणे १, म्हणजे १.८ मेगापास्कलला क्षेत्र सीमा परत ढकलेल आणि ६ टक्के विकृती भरून निघेल. यालाच चुंबकीय अतिस्थितिस्थापकता म्हणतात. क्षेत्र नसताना तोच नमुना १ मेगापास्कलला दबतो आणि दबलेलाच राहतो. शून्यापासून ५ मेगापास्कलपर्यंतच्या या आलेखातून कोणी एक सरळ रेषा काढली तर ‘गुणांक’ येतो ५ भागिले ०.०६, सुमारे ८३ मेगापास्कल. जालकाचा गुणांक याच्या शंभरपटीहून जास्त असतो. प्रश्नातली शंभरपट घट इथून येते. तिथे बंध मऊ झालेले नसतात, फक्त सीमा सरकलेल्या असतात. असा आलेख द्यायचाच असेल तर पठाराचं प्रतिबल, पठाराची लांबी आणि पठाराच्या आधीचा व नंतरचा उतार वेगवेगळे द्यावेत. शिवाय क्षेत्राने नमुना एका व्हेरियंटचा झाला की मापनाच्या दिशेला आता स्फटिकाचा दुसराच अक्ष असतो. अशा वेळी अल्ट्रासाउंडमध्ये दिसणारा बदलही चुंबकीय नसून निव्वळ दिशाबदलाचा असू शकतो.

क्षेत्र काढल्यावर आकडा परत का येत नाही, याचं उत्तरही यातच आहे. सीमा सरकलेल्या जागीच राहतात, त्यांना परत आणणारं बळ नसतं. म्हणून प्रत्येक क्षेत्र-आलेखाआधी नमुना लांबीच्या दिशेने ३ ते ५ मेगापास्कल दाबून एकाच व्हेरियंटवर आणावा आणि ही कृती नोंदीत लिहावी.

चौथा परिणाम निकेल-कोबाल्ट-मँगनीज-इंडियममध्ये प्रकर्षाने दिसतो. तिथे ऑस्टेनाइट जोरदार लोहचुंबकी आणि मार्टेन्साइट दुबळं, त्यामुळे क्षेत्र ऑस्टेनाइटच्या बाजूने कौल देतं. रूपांतरणाचं तापमान दर टेस्लाला किती सरकेल हे क्लॉसियस-क्लेपेरॉनच्या नियमाने निघतं: दोन प्रावस्थांच्या चुंबकनातला फरक भागिले एन्ट्रॉपीतला फरक. र्‍योसुके काइनुमा आणि सहकाऱ्यांनी २००६ साली निकेल ४५, कोबाल्ट ५, मँगनीज ३६.७, इंडियम १३.३ या रचनेत ही घसरण दर टेस्लाला सुमारे ४.३ केल्विन दाखवली आणि ३ टक्के आधी दिलेली विकृती निव्वळ क्षेत्राने जवळपास पूर्ण परत मिळवली. स्थितिस्थापकतेच्या दृष्टीने याचे दोन अर्थ. मार्टेन्साइट घडवायला लागणारं प्रतिबल क्षेत्राने वाढतं. तुमच्या नमुन्यात ते तापमानासोबत दर केल्विनला ३ मेगापास्कलने वाढत असेल, तर दर टेस्लाला सुमारे १३ मेगापास्कल. दुसरं असं की रूपांतरणाच्या पट्ट्यात मोजलेला गुणांक दोन प्रावस्थांच्या मिश्रणाचा असतो आणि क्षेत्राने ते मिश्रणच बदलतं. निकेल-मँगनीज-गॅलियममध्ये हे सरकणं खूप कमी असतं, तरी रूपांतरणाच्या दोन-तीन अंश जवळ मोजत असाल तर सी-प्राइमची रेषा तिथे इतकी तिरकी असते की थोडं सरकणंही भारी पडतं.

मोजमापाबद्दल. जालकाचा गुणांक हवा असेल तर ५ ते ८ मिलिमीटरचा एकल स्फटिकाचा ठोकळा घ्यावा, त्याची एक जोडी (११०) पृष्ठांची असावी, आणि अल्ट्रासाउंडचा स्पंद-प्रतिध्वनी वापरावा. घनता घनमीटरला सुमारे ८००० किलो आणि सी-प्राइम २२ गिगापास्कल असेल तर वेग सेकंदाला सुमारे १६६० मीटर, आणि ५ मिलिमीटर जाडीत जाऊन परत यायला ६ मायक्रोसेकंद. लाउए छायाचित्राने (स्फटिकाची दिशा दाखवणाऱ्या क्ष-किरण चित्राने) दिशा अर्ध्या अंशाच्या आत आणावी. वर घेतलेल्या १५२-१४३-१०३ च्या मऊ स्फटिकात (००१) प्रतलात दिशा १ अंशाने चुकली तर सी-प्राइम दीड टक्का जास्त येतो, २ अंशांनी चुकली तर सहा टक्क्यांहून जास्त. २२ गिगापास्कलच्या स्फटिकात हीच २ अंशांची चूक फक्त १ टक्क्याची. म्हणजे परिणाम जिथे सर्वांत रंजक, तिथेच कापण्याची चूक सर्वांत महाग.

कर्तन तरंग पातळ द्रवातून जात नाहीत, त्यामुळे जोडणीला घट्ट, चिकट लेप लागतो आणि थंड करताना तो तडकतो. प्रतिध्वनी अचानक नाहीसा झाला तर रूपांतरण सापडल्याचा आनंद मानण्याआधी लेप तपासा. विद्युतचुंबकीय ट्रान्सड्यूसर इथे टाळावा, कारण त्याचं स्वतःचं कायम चुंबक नमुन्यावर क्षेत्र लावतं, म्हणजे जे बदलून बघायचं तेच आधी बदलून ठेवतं. मार्टेन्साइटमध्ये आणखी एक फसगत असते. क्षेत्राने लांबी ६ टक्के बदलली आणि गणितात जुनीच लांबी राहिली तर वेग ६ टक्के आणि गुणांक सुमारे १२ टक्के चुकतो. प्रत्येक बिंदूला लांबी मोजा, नाहीतर मार्टेन्साइटमध्ये हे मोजू नका.

पातळ पट्टी एका टोकाला पकडून कंपित करायची पद्धत सोपी म्हणून लोकप्रिय आहे, पण क्षेत्रात ती मला अविश्वसनीय वाटते. २० मिलिमीटर लांब, ०.२ मिलिमीटर जाड, १३ गिगापास्कलच्या पट्टीला लांबीच्या दिशेने १ टेस्ला लावलं तर वाकलेल्या पट्टीला सरळ करणारी चुंबकीय पीळशक्ती स्थितिस्थापक ताठरपणाच्या बरोबरीची, किंबहुना थोडी जास्तच ठरते. वारंवारता वाढते आणि लोक तिला गुणांकाची वाढ म्हणतात. भोवरा-प्रवाहांचं अवमंदन क्षेत्राच्या वर्गाने वाढतं ते वेगळंच. त्यापेक्षा आखूड, जाड कांडी लांबीच्या दिशेने अनुनादात आणावी किंवा अनुनादी अल्ट्रासाउंड वापरावं.

क्षेत्राचा आकडा देताना चुंबकाचं क्षेत्र आणि नमुन्याच्या आतलं क्षेत्र यांत फरक करा. घनाकृती ठोकळ्याचा विचुंबकन गुणक (नमुन्याच्या आकारामुळे आतलं क्षेत्र किती घटतं ते सांगणारा) एक-तृतीयांश, संपृक्त चुंबकन ०.६ टेस्लाच्या आसपास, म्हणजे ०.२ टेस्ला इथेच खर्च होतात. पातळ पट्टी जाडीच्या दिशेने चुंबकित केली तर जवळपास ०.६ टेस्ला. संपृक्ततेचा दावा करण्याआधी १.२ टेस्लापर्यंत जावं.

क्षेत्र शून्यापासून अधिक १.२, परत शून्य, मग उणे १.२, पुन्हा शून्य असं फिरवावं. गुणांक चुंबकनाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे पूर्ण फेरीचा आलेख क्षेत्राच्या चिन्हाला समान, फुलपाखरासारखा यायला हवा. एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली जात असेल तर तारांत प्रेरित झालेला विभव किंवा पकडीवरचं बळ मोजलं जातंय. पकड पितळ, टायटॅनियम किंवा बेरिलियम-तांब्याची असावी. के प्रकारचा थर्मोकपल नको, त्यातली अ‍ॅल्युमेल तार लोहचुंबकी असते. टी प्रकारचा किंवा रोध-तापमापक घ्या. रूपांतरणाजवळ क्षेत्र बदललं की चुंबक-औष्णिक परिणामाने नमुन्याचं तापमानही बदलतं, तेव्हा तापमापक नमुन्याला चिकटवलेला असावा आणि ते स्थिरावेपर्यंत थांबावं.

नमुन्याची तयारी इतर मिश्रधातूंपेक्षा जास्त जपून करावी लागते. १००० अंशांना दोन-तीन दिवस एकजीव करून मग ८०० अंशांना एक दिवस ठेवतात, कारण ह्यूस्लर क्रम नीट बसला नाही तर क्यूरी तापमान आणि रूपांतरण दोन्ही सरकतात. मँगनीज उडून जातं, म्हणून आर्गॉन भरून बंद केलेल्या क्वार्ट्झ नळीतच हे करावं. ठिणगी-कर्तनाने कापलेल्या पृष्ठावर बिघडलेला थर राहतो आणि जुळ्यांच्या सीमा त्यात अडकतात. विद्युत-पॉलिशने तो काढल्यावर जुळं-प्रतिबल लक्षणीय उतरतं. पर्क्लोरिक आम्ल आणि इथेनॉलचं मिश्रण वापरत असाल तर ते शून्याखाली थंड ठेवा, तापलं तर स्फोट होतो.

प्रतिलोहचुंबकी (शेजारच्या अणूंची चुंबकत्वं एकमेकांविरुद्ध असलेल्या) आकारस्मृती मिश्रधातूंत हे सगळं उलट्या बाजूने दिसतं. लोह-मँगनीज-सिलिकॉनमध्ये एक टेस्लाने काही हलत नाही, पण थंड करताना नील तापमान (ज्याखाली हा प्रतिलोहचुंबकी क्रम बसतो ते) ओलांडलं की यंगचा गुणांक वाढायचा सोडून घसरतो, आणि चुंबकीय क्रम ऑस्टेनाइटला स्थिर करून मार्टेन्साइटला रोखतो. मँगनीज वाढवलं की नील तापमान वर जातं, सिलिकॉनने खाली येतं. त्यामुळे अशा मिश्रधातूच्या गुणांक-तापमान आलेखातली घसरण मार्टेन्साइटची सुरुवात मानण्याआधी चुंबकीय ग्राह्यता किंवा विद्युतरोध मोजून नील तापमान वेगळं ओळखून घ्यावं.